लसावि येतो, तरी बेरीज चुकते: भिन्नच्छेद अपूर्णांकांत मूल नेमकं कुठं अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंची मुलगी मराठी माध्यमात सहावीला आहे. सममूल्य अपूर्णांकांचा धडा तिला येतो; २/३ = ?/१२ असं दिलं की ८ लिहून मोकळी होते. लसाविही काढते. पण १/२ + १/३ दिलं की उत्तर कधी २/५, कधी २/६. शिकवणीला तिरका गुणाकार शिकवलाय, त्यानं उत्तर बरोबर येतं, पण "असं का केलंस?" विचारलं की गप्प बसते. ताई विचारतात, पाया कुठं कच्चा राहिलाय आणि घरी काय करून घ्यायचं?

ताई, बेळगाव भागातल्या मराठी शाळांत पाचवी ते सातवीला गणित शिकवण्यात माझी नोकरी गेली. तुमच्या मुलीची दोन्ही चुकीची उत्तरं माझ्या चांगलीच ओळखीची आहेत. पण ती दोन्ही एकाच कारणानं येत नाहीत, म्हणून आधी ती वेगळी करूया.

२/५ लिहिणाऱ्या मुलाला अपूर्णांक ही एक संख्या वाटतच नाही. त्याला चार सुटे आकडे दिसतात: वरचे दोन, खालचे दोन. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. २/६ लिहिणाऱ्या मुलाचं तसं नाही. छेद सारखे करायचे हे त्याला माहीत आहे, लसावि ६ हेही त्यानं बरोबर काढलंय. मग त्यानं दोन्हीकडे खाली ६ लिहिले आणि वरचे १ तसेच ठेवले: १/६ + १/६. अर्धा होता तो नुसता सहावा हिस्सा होऊन बसला आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. मला जास्त काळजी या दुसऱ्या मुलाची वाटते, कारण आपण नियम पाळला अशी त्याची खात्री असते. लसाविची आणखी पन्नास उदाहरणं घालून हे सुटत नाही. सममूल्य अपूर्णांक हा एक धडा आणि बेरीज हा दुसरा धडा, असे दोन कप्पे डोक्यात झालेत. बेरीज करताना छेद बदलणं म्हणजेच सममूल्य अपूर्णांक लिहिणं, हे कुणी स्पष्ट करून दाखवलेलं नाही.

२/५ येण्यामागं आणखी एक कारण आहे आणि त्याकडं मोठ्या माणसांचं लक्ष जात नाही. पहिल्या चाचणीत १० पैकी ७, दुसरीत १० पैकी ८ गुण मिळाले, तर प्रगतीपत्रकावर आपण २० पैकी १५ लिहितो. म्हणजे वर वर, खाली खाली! मुलानं हे शाळेतच पाहिलेलं असतं, आणि ते खोटंही नाही. फक्त तिथं पूर्णच बदललंय: आधी पेपर दहाचा होता, आता दोन पेपर मिळून वीसचा झाला. १/२ + १/३ मध्ये पूर्ण एकच आहे. एकाच भाकरीचा अर्धा भाग आणि त्याच भाकरीचा तिसरा भाग. मुलीला हा फरक एकदा बोलून दाखवा. नुसतं "असं करायचं नसतं" म्हटलं तर तिला वाटेल, गुणांच्या बाबतीत सर करतात ते चालतं आणि मी केलं की चूक.

यानंतर पहिली सवय लावायची ती अंदाजाची. वहीत काही लिहायच्या आधी विचारा: "उत्तर अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? एकापेक्षा जास्त की कमी?" अर्ध्यात काहीतरी मिळवलं तर अर्ध्यापेक्षा जास्तच यायला हवं. २/५ तर अर्ध्यापेक्षा कमी आहे, कारण पाचाचं अर्धं अडीच. २/६ म्हणजे तिसरा हिस्सा, तोही अर्ध्याहून कमी. मिळवल्यावर कमी कसं होईल? हे तिचं तिलाच बोलू द्या. वजाबाकीत ही युक्ती अजून झणझणीत चालते. ५/६ − १/२ ला वरून वर, खालून खाली केलं की ४/४ येतं, म्हणजे पूर्ण एक. एकापेक्षा कमी होतं, त्यातून अर्धा काढला, आणि एक उरला! मुलं हे ऐकून हसतात, आणि हसली म्हणजे समजलेलं असतं.

आता मुख्य काम. गणिताची चौकटीची वही घ्या. तिच्या पानातून एक चौकट रुंद आणि बारा चौकटी लांब अशा चार-पाच पट्ट्या कापा. पुस्तकातले गोल मला या कामाला आवडत नाहीत. गोलाचे तीन सारखे भाग हातानं नीट होत नाहीत, पाच तर नाहीतच, आणि वाकडेतिकडे भाग बघून मूल मनाशी ठरवतं की तिसरा हिस्सा म्हणजे साधारण असा काहीतरी तुकडा. पट्टीत चौकटी मोजता येतात.

पट्टी मधोमध दुमडली की अर्धा: सहा चौकटी. दुसरी पट्टी तीन भागांत दुमडली की एक भाग चार चौकटींचा. आता विचारा, "सहा चौकटी म्हणजे बारातल्या किती?" ६/१२. "आणि चार?" ४/१२. अर्धा रंगवलेला भाग ती ६/१२ म्हणून वाचते तेव्हा पट्टी तीच, रंग तोच, लांबी तीच. नाव फक्त बदललं. सममूल्य म्हणजे एवढंच. मग दोन्ही मिळून १० चौकटी, १०/१२. आता सहा चौकटींची पट्टी घ्या आणि तेच करा: अर्धा ३ चौकटी, तिसरा हिस्सा २, मिळून ५/६. एकदा १०/१२, एकदा ५/६, दोन्ही बरोबर कसे? बारा चौकटींच्या पट्टीवर दोन-दोन चौकटींची जोडी करून मोजायला सांगा. सहा जोड्या, त्यातल्या पाच रंगवलेल्या. मात्र बाराच्या पट्टीचा अर्धा आणि सहाच्या पट्टीचा तिसरा हिस्सा अशी सरमिसळ होऊ देऊ नका. पूर्ण एकच राहिलं पाहिजे.

अंश आणि छेद दोघांनाही एकाच संख्येनं का गुणायचं, हे पट्टीवर आपोआप दिसतं. अर्ध्या-अर्ध्या अशा दोन तुकड्यांचे प्रत्येकी तीन केले, तर एकूण तुकडे सहा झाले, छेद तिप्पट. रंगवलेल्या एका तुकड्याचेही तीनच झाले, अंश तिप्पट. तुकडे तिपटीनं वाढले तसे तेवढ्याच पटीनं लहानही झाले, म्हणून एकूण माप हललं नाही. फक्त छेद बदलला तर काय होतं, तेही याच पट्टीवर दाखवा: सहातला एकच तुकडा रंगवलेला राहतो. तिची २/६ वाली चूक ती हीच.

काही मुलं गुणाकाराऐवजी दोन्हीकडे सारखी संख्या मिळवतात: २/३ मध्ये वर दोन, खाली दोन, झालं ४/५. "दोन्हीकडं सारखंच केलंय की" हा त्यांचा युक्तिवाद. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. १/२ पासून सुरू करून दोन्हीकडे एकेक मिळवत जायला सांगा: २/३, ३/४, ४/५... असं करत ९९/१०० पर्यंत पोचलो. अर्धी भाकरी जवळजवळ आख्खी झाली, पीठ न मळता.

पट्टी दोन-तीन दिवस पुरे. त्यानंतर घरातलीच मापं वापरा. पाव किलो आणि अर्धा किलो मिळून किती, हे तुमची मुलगी दुकानात उभी राहून झटकन सांगेल: पाऊण किलो. वहीत मात्र तीच १/४ + १/२ = २/६ लिहील. दुकानात तिला जमतं, कारण मनात २५० ग्रॅम आणि ५०० ग्रॅम आहेत. हजार ग्रॅमचा छेद दोघांना आधीच लागलेला आहे. तिला सांगा, तू दुकानात जे करतीस तेच वहीत कर.

आपल्याकडं याहून चांगलं उदाहरण म्हणजे जमीन. इकडं कर्नाटकात शेताच्या उताऱ्यावर क्षेत्र एकर, गुंठे आणि आणे असं लिहिलेलं असतं. ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. घरात उतारा असेल तर तो मुलीला दाखवा, आणि असा हिशेब घाला: पाव एकरात मिरची, एक पंचमांश एकरात भुईमूग, मिळून किती? पाव एकर म्हणजे १० गुंठे, पाचवा हिस्सा ८ गुंठे, मिळून १८ गुंठे. एकराच्या भाषेत १८/४०. लसावि काढून केलं तर ५/२० + ४/२० = ९/२०. तिला विचारा, दोन उत्तरं का आली? दोन्ही एकच आहेत, १८/४० ला दोननं भागलं की ९/२०. यातून एक गोष्ट तिला कळेल, जी पुष्कळ मुलांना दहावीपर्यंत कळत नाही: समच्छेदासाठी लसाविच हवा असं नाही. दोन्ही छेदांनी भाग जाणारी कोणतीही संख्या चालते. २० चालते, ४० चालते, १०० पण चालते. लसावि घेतला की आकडे लहान राहतात आणि शेवटी संक्षेप कमी करावा लागतो, एवढाच त्याचा फायदा. परीक्षेत अतिसंक्षिप्त रूप मागितलं तर ९/२० लिहावं, गुण जातात म्हणून. पण १८/४० ला "चूक" म्हणून फुली मारणं मला कधीच पटलं नाही.

वजाबाकीही तशीच. पाऊण एकर रान, त्यातलं २/५ एकर भावाला करायला दिलं. ३० गुंठ्यांतून १६ गेले, १४ उरले. १४/४० म्हणजे ७/२०. वहीतल्या पद्धतीनं १५/२० − ८/२०, तेच.

आता मुद्दाम अडवा. एकराचा तिसरा हिस्सा किती गुंठे? ४० ला ३ नं भाग जात नाही. १३ गुंठे आणि वर गुंठ्याचा तिसरा हिस्सा. मग आणे काढूया म्हटलं तर एकरात ६४० आणे, त्यालाही ३ नं भाग जात नाही. इथं मूल पहिल्यांदा नीट थांबतं. प्रत्येक छेद प्रत्येक मापात बसत नाही, हे त्याला कळतं. मग १/३ + १/४ करायचं तर एकराचे ४० नाही, असे तुकडे पाडायला हवेत की ज्यात तीन सारखे भागही होतील आणि चारही. बारा. लसावि ही काय भानगड आहे ते या अडण्यातून कळतं, नुसत्या भागाकाराच्या शिडीतून कळत नाही.

घरात आजोबा असतील तर त्यांनाही यात ओढा. १ एप्रिल १९५७ ला दशमान पैसे येण्याआधी रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत्या. वाटणीतला हिस्साही लोक रुपयाच्या हिशेबात सांगत: चौथा हिस्सा चार आणे, आणि तिसरा हिस्सा पाच आणे चार पै. करून बघा, १९२ चा तिसरा भाग ६४ पै, म्हणजे बरोबर ५ आणे ४ पै. बारा पैंमुळे तीनचा छेद त्यात बसत होता. पाच भाऊ निघाले तर मात्र पंचाईत, कारण १९२ ला ५ नं भाग जात नाही.

उदाहरणं घालण्याचा क्रमही सांभाळायला हवा. बहुतेक ठिकाणी २/७ + ३/७ असं समच्छेद झालं की लगेच १/२ + १/३ वर उडी मारतात. मधली पायरी गाळू नका: एक छेद दुसऱ्याच्या पटीत असलेली उदाहरणं. १/२ + १/४, २/३ + १/६, ७/१० − २/५. इथं एकच अपूर्णांक बदलावा लागतो, दुसरा जसाच्या तसा. ७/१० − २/५ मध्ये २/५ चं ४/१० केलं, उरले ३/१०, संपलं. मुलीचं सगळं लक्ष त्या एका बदलावर राहतं. या पायरीवर आठवडाभर थांबलात तरी वेळ वाया गेला असं समजू नका. त्यानंतर ज्यांच्यात १ शिवाय सामाईक विभाजक नाही असे छेद, २ आणि ३, ३ आणि ५, ४ आणि ५. सगळ्यात शेवटी ४ आणि ६, ६ आणि ९, १२ आणि १८ यांसारखे.

या शेवटच्या दोन पायऱ्यांवर सुरुवातीला लसाविची पद्धत बाजूला ठेवून याद्या लिहून घ्या. २/३ चे सममूल्य: ४/६, ६/९, ८/१२, १०/१५. १/४ चे: २/८, ३/१२, ४/१६. दोन्ही याद्यांत सारखा छेद कुठं सापडला? १२ ला. मग ८/१२ + ३/१२ = ११/१२. हे तिनं स्वतः दहा-बारा उदाहरणांत शोधलं की लसावि म्हणजे त्या दोन याद्यांच्या भेटीची पहिली जागा, हे सांगावंही लागत नाही. अर्थात पाढे पाठ हवेत. तीन-चारचे पाढे अडखळत असतील तर आधी ते करा, अपूर्णांक पुढच्या आठवड्यात.

लिहिण्याबद्दल एक बारकी गोष्ट. फळ्यावर एक लांब आडवी रेघ ओढून खाली १२ आणि वर ८ + ३ असं लिहायची पद्धत आहे. चुकीची नाही, पण नवशिक्या मुलाला ती लपवाछपवी करू देते. काही दिवस प्रत्येक अपूर्णांकाची ओळ वेगळी लिहायला लावा: २/३ = (२×४)/(३×४) = ८/१२. मग दुसऱ्याची. मग बेरीज. आणि बरोबरचं चिन्ह "म्हणजे तेवढंच" असं मोठ्यानं वाचायला लावा. "एक छेद दोन म्हणजे तेवढंच एक छेद सहा" असं तोंडानं म्हणताना ती स्वतःच अडखळेल.

तिरक्या गुणाकाराविषयी विचारलंत. ती पद्धत खोटी नाही. १/२ + १/३ ला १×३ आणि १×२ करून वर ५, खाली २×३ = ६, हे पहिल्याला ३ नं आणि दुसऱ्याला २ नं वरखाली गुणणंच आहे; मधली ओळ न लिहिता. घाई काय आहे एवढाच माझा आक्षेप. मूल मधली ओळ कधी पाहतच नाही, आणि तीन अपूर्णांक एकदम आले की तिरकं कुठून कुठं करायचं ते कळत नाही. शिवाय छेद मोठे झाले की आकडे फुगतात. ५/१२ + ७/१८ तिरक्या पद्धतीनं करा: ९० + ८४ = १७४, छेद २१६. मग त्याचा संक्षेप करत बसायचं. लसावि ३६ घेतला तर १५/३६ + १४/३६ = २९/३६, एका दमात.

हे दोन्ही मार्ग आपल्याकडं फार जुने आहेत. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त समच्छेद करण्याचा नियम दिलाय. आधी सरळ सांगितलंय की एकमेकांच्या छेदानं अंश आणि छेद गुणावेत. लगेच पुढं दुसरा पर्याय: छेदांना आधी सामाईक विभाजकानं भागून लहान करा आणि त्या लहान संख्यांनी गुणा, हुशार माणूस असं करतो. उदाहरण त्यांनी घेतलंय ते १/१४ मधून १/६३ वजा करण्याचं. ६३ आणि १४ दोघांना ७ नं भाग जातो, उरतात ९ आणि २. मग १/१४ ला ९ नं वरखाली गुणा: ९/१२६. १/६३ ला २ नं: २/१२६. वजाबाकी ७/१२६, म्हणजे १/१८. सरळ तिरका गुणाकार केला असता तर छेद ८८२ आला असता. मसावि (सगळ्यात मोठा सामाईक विभाजक, इथला ७) कशाला शिकायचा म्हणणाऱ्या मुलांना मी हे उदाहरण द्यायचो.

शेवटी पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची वजाबाकी, कारण पुढची ठेच तिथंच लागणार आहे. ३ पूर्णांक १/४ मधून १ पूर्णांक २/३ काढायचे. समच्छेद केले: ३ पूर्णांक ३/१२ आणि १ पूर्णांक ८/१२. तीनातून आठ जात नाहीत, म्हणून पूर्णांकातला एक उसना घ्यायचा. आता बघा, निम्मा वर्ग त्या ३ चे १३ करतो! उसना म्हटलं की दहा, अशी दुसरीपासूनची सवय. पण इथं उसना घेतलेला एक म्हणजे १२/१२, म्हणून ३ चे १५ होतात: २ पूर्णांक १५/१२ वजा १ पूर्णांक ८/१२, उत्तर १ पूर्णांक ७/१२. उसना किती हे छेद ठरवतो. छेद ५ असेल तर पाच, ४० असेल तर चाळीस. गुंठ्यांत वजाबाकी करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: २ एकर १० गुंठ्यांतून १ एकर २५ गुंठे काढताना तो एकराचे ४० गुंठे सुटे करतो, ५० मधून २५ घालवतो आणि २५ गुंठे उरले म्हणतो.

या आठवड्यात तिला फक्त एवढीच चार उदाहरणं द्या, आणि प्रत्येकाआधी अंदाज विचारा: १/२ + ३/८, ५/६ − १/३, ३/५ + १/४, ७/९ − १/६. उत्तरं अनुक्रमे ७/८, १/२, १७/२० आणि ११/१८. दुसऱ्यात ३/६ लिहून थांबली तर फुली मारू नका, "याला अजून सोपं नाव आहे का?" एवढंच विचारा. चौथ्यात छेद ५४ घेऊन ३३/५४ पर्यंत आली तरी बरोबर समजा आणि १८ ची यादी पुन्हा एकदा करून घ्या. पण वरचा आकडा न बदलता १/२ चं १/८ केलं, तर पुढं जाऊ नका. पट्ट्या परत बाहेर काढा, या वेळी आठ चौकटींच्या.